पोर ॲडमिट असताना आईबापांनी काय करायचं: नाशिकच्या एका आईची वही

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. लेकीच्या दहावीच्या भूमितीची. मागची पानं कोरी होती म्हणून हॉस्पिटलला निघताना घाईत पिशवीत टाकलेली. तिच्यातली एक ओळ अशी आहे: ‘संध्या. ७.४०. ताप ९८.४. पाय गार. पोट दुखतंय म्हणते. लघवी दु. २ नंतर नाही. हाक मारली तर हूं म्हणते, डोळे उघडत नाही.’

डेंग्यूचा तो पाचवा दिवस होता. सकाळी ताप उतरला आणि आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. निफाडहून आलेले दीर निर्धास्त होऊन परत गेले. डेंग्यूत धोक्याचा काळ बऱ्याचदा ताप उतरतो तेव्हाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, आणि पुढचे २४ ते ४८ तास फार जपायचे असतात. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एवढंच दिसत होतं की ही नेहमीची झोप नव्हे.

ड्युटीवरच्या डॉक्टरांना मी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, “ताई, ताप गेलाय, अशक्तपणा आहे, झोपू द्या तिला.” मी नुसतंच म्हटलं होतं, “बघा ना डॉक्टर, हिला बरं वाटत नाहीये.” दुसऱ्यांदा वही घेऊन गेले आणि वरची ओळ जशीच्या तशी वाचून दाखवली. ते लगेच उठले. बीपी ९६ आणि ७८ भरलं, दोन आकड्यांत जेमतेम १८ चा फरक, आणि तो इतका कमी होणं धोक्याचं. रक्त पुन्हा पाठवलं. सकाळी ३८ असलेला पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत तो आकडा) ४७ वर गेला होता, म्हणजे रक्त घट्ट होत चाललं होतं. रात्री साडेदहाला तिला आयसीयूत हलवलं. आज ती बरी आहे, अकरावीला जाते.

त्या हॉस्पिटलचं नाव मी सांगत नाही. पण त्या आठ दिवसांत जे शिकले आणि पुढे ओळखीतल्या तीन-चार घरांना सांगत आले, ते इथे क्रमानं लिहिते. उदाहरण डेंग्यूचं असलं तरी कावीळ, अपघात, मधुमेह, रक्ताचा आजार, कशासाठीही मूल ॲडमिट असलं तरी रीत हीच आहे.

पहिला तास

पोर अत्यवस्थ असेल तर आधी जवळचं हॉस्पिटल गाठा, बाकीचं नंतर. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे. कुठलाही डॉक्टर तातडीचे प्राथमिक उपचार नाकारू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच ते स्पष्ट केलं आहे. डिपॉझिटचं बोलणं चालू असताना उपचार थांबलेले दिसले तर शांतपणे म्हणा, “उपचार सुरू करा, पैशाचं मी इथेच उभी राहून बघते.”

डॉक्टरांना न विचारता सांगायच्या गोष्टी: वजन, कारण बरीच औषधं किलोच्या हिशेबानं देतात आणि पंधरा वर्षांच्या मुलाचं वजन आपण वर्षभर मोजलेलंच नसतं. कुठल्या औषधाची ॲलर्जी. ताप किंवा दुखणं नेमकं कधी, किती वाजता सुरू झालं. घरी काय काय दिलं. यात लपवाछपवी नको. पपईच्या पानांचा रस, काढा, मेडिकलवाल्यानं दिलेली अंगदुखीची गोळी, सगळं सांगा. डेंग्यूत आयब्रुफेन आणि ॲस्पिरिननं रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून ‘ती साधीच गोळी होती’ एवढ्यावर सोडू नका. पाकीट न्या.

या वयाची एक खास अडचण आहे. पंधरा-सोळा वर्षांचं मूल कुठे लहान मुलांच्या वॉर्डात घेतात, कुठे मोठ्यांच्या. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: हिचे मुख्य डॉक्टर कोण? बालरोगतज्ज्ञ की फिजिशियन? ते दिवसातून किती वेळा बघणार, आणि रात्री त्यांच्या जागी कोण? उपचार करणाऱ्याचं नाव आणि पदवी विचारणं हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात उद्धटपणा काही नाही. खाजगी हॉस्पिटलात रात्रीचे आरएमओ (हॉस्पिटलातच हजर असणारे ड्युटी डॉक्टर) आणि मुख्य डॉक्टर वेगवेगळे असतात. त्या दोघांत फोन कधी होतो हे कळून घेतलंत की निम्मी धास्ती कमी होते.

घरातलं एकच तोंड

आपल्याकडे माणूस ॲडमिट झालं की सिन्नर, दिंडोरी, निफाड, सगळीकडून माणसं येतात. येतात मायेनंच. पण काका वेगळं विचारतात, मामा वेगळं, आणि डॉक्टरांनी एकाला सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर पार बदललेलं असतं. डॉक्टरांशी बोलायला एकच माणूस ठरवा आणि सिस्टरांना तसं सांगून ठेवा. आमच्यात मी ठरले. ह्यांच्याकडे बिल, औषधं आणि नातेवाइकांचे फोन. जाऊबाई रोज रात्री आठला घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकायच्या, मग फोन येणं आपोआप कमी झालं.

रात्रीची पाळी वाटून घ्या. सलग दोन रात्री जागलेल्या माणसाला तिसऱ्या रात्री समोरचं दिसत नाही.

वही

हे मी सगळ्यात जीव तोडून सांगते.

फोनवर लिहू नका. फोन येतो, चार्जिंग संपतं, आणि डॉक्टरांपुढे स्क्रीन सरकवत बसलं की त्यांचं लक्ष उडतं. कागदाची वही न्या. एका पानावर एकच दिवस. डावीकडे वेळ, उजवीकडे जे दिसलं ते. ‘बरं नाही’, ‘खूप त्रास’ असले शब्द लिहू नका. किती ताप, किती वेळा उलटी आणि कुठल्या रंगाची, किती वाटी पेज पोटात गेली, लघवी किती वाजता आणि किती. सिस्टरांकडे लघवीचं मापाचं भांडं मागा, देतात. सलाईनची बाटली कधी लावली, कुठलं इंजेक्शन दिलं, त्यानंतर अंगावर पुरळ आलं का. रक्ताचा रिपोर्ट आला की त्यातले मोजके आकडे, तारीख आणि वेळ घालून. एकाखाली एक आकडे दिसले की चढ-उतार आपल्यालाही कळतो.

श्वास मोजायला शिका, ते कुणालाही जमतं. पोर शांत पडलेलं असताना छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. या वयात साधारण १२ ते २०. त्यापेक्षा बराच वाढला, किंवा तासातासानं चढत गेला, तर लगेच सांगा.

पहिल्या पानावर मात्र पोर ठणठणीत असताना कसं असतं ते लिहा. हे कुणी सांगत नाही, आणि कामाला हेच येतं. माझी लेक बडबडी. झोपेतून उठवलं तरी वाद घालते. ‘हाक मारल्यावर नुसतं हूं म्हणते’ याचा अर्थ डॉक्टरांना तेव्हाच कळला, जेव्हा मी सांगितलं की एरवी ती भांडत उठते. त्यांनी तिला आयुष्यात पहिल्यांदा आजारीच पाहिलेलं असतं. ती चांगली असते तेव्हा कशी असते, हे खोलीत फक्त आपल्याला माहीत.

राउंडच्या वेळी

राउंड किती वाजता येतो ते सिस्टरांना विचारा आणि त्या वेळी चहाला जाऊ नका. डॉक्टरांना चार-पाच मिनिटंच असतात. प्रश्न आदल्या रात्री वहीत लिहून ठेवा. मी रोज हेच चार विचारायचे:

काय झालंय असं वाटतंय, आणि दुसरं काय असू शकतं?
आज आपण कशाची वाट बघतोय?
कुठला आकडा कुठे गेला तर उपचार बदलतील?
रात्री काय दिसलं तर मी तुम्हाला फोन करायला लावू?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. रात्री दोन वाजता “मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलंय की असं झालं तर कळवा” हे वाक्य फार उपयोगी पडतं. शब्द कळला नाही तर तिथेच थांबवा. “डॉक्टर, पीसीव्ही म्हणजे काय, सोपं करून सांगा” असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी वहीच्या कोपऱ्यात दोन नळ्या काढून दाखवल्या, एक पातळ रक्ताची, एक घट्ट.

काही चुकतंय असं वाटलं तर

थांबू नका. ही लक्षणं दिसली तर त्याच मिनिटाला सिस्टरांकडे जायचं: पोर गुंगीत जाणं, असंबद्ध बोलणं किंवा एकाएकी फार अस्वस्थ होणं. धाप. हातपाय गार, चिकट घाम, ओठ किंवा नखं निळसर. पाच-सहा तासांत लघवी नाही. थांबत नसलेली उलटी, वाढत जाणारी पोटदुखी. हिरड्यांतून, नाकातून रक्त, काळी शी. मान ताठ होणं, झटका येणं. अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके.

सांगताना चार वाक्यं या क्रमानं सांगा. कोण आणि कुठे: “बेड ११, डेंग्यू, पाचवा दिवस.” आधी कशी होती: “दुपारपर्यंत बोलत होती.” आता काय: वहीतली ओळ. आणि शेवटी तुम्हाला काय हवंय: “तुम्ही आत्ता येऊन तपासा, आणि सरांना फोन करा.” आपण बहुतेक जण हे शेवटचं वाक्य गिळतो. भीड वाटते. मला वाटली होती, आणि पहिल्या खेपेला मी तेच गाळलं.

सिस्टरांकडून हाललं नाही तर ड्युटी डॉक्टर. तिथेही नाही तर मुख्य डॉक्टरांना फोन लावायला सांगा. तोही होत नसेल तर वैद्यकीय अधीक्षक किंवा हॉस्पिटलचे प्रशासक, रात्रीही कुणीतरी जबाबदार असतंच. प्रत्येक पायरीवर वेळ लिहा: ‘८.०५ सिस्टरांना सांगितलं. ८.२० डॉ. आले.’ आणि म्हणा, “मी सांगितलेलं फाइलमध्ये नोंदवा.” फाइलमध्ये नोंद झाली की ती पुढची पाळी वाचते. आवाज चढवू नका, काचा फोडणं तर सोडाच. डॉक्टर आणि सिस्टर घाबरले तर आपल्या पोराकडे निवांत डोक्यानं कोण बघणार?

इंग्लंडमध्ये २०२१ साली मार्था मिल्स नावाची १३ वर्षांची मुलगी सेप्सिसनं, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून, गेली. सायकलवरून पडून तिच्या स्वादुपिंडाला मार बसला होता. आईवडील काळजी बोलून दाखवत होते, पण तिला आयसीयूत वेळेवर नेलं नाही. नेलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं तिथल्या चौकशीत निघालं. तिच्या आईनं लढा दिला, आणि २०२४ पासून तिथल्या सरकारी रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ लागू व्हायला लागला: नातेवाइकांनी ठरलेल्या नंबरावर फोन केला की दिवसरात्र कधीही दुसरी टीम येऊन पेशंट तपासते. आपल्या वॉर्डाच्या भिंतीवर असा नंबर नसतो, म्हणून वरच्या पायऱ्या आपल्यालाच पाठ करून ठेवाव्या लागतात.

पोराला एकटं बोलू द्या

माझ्या हातून एक चूक झाली. त्या पाचव्या दिवशी लेकीची पाळी वेळेआधी आली होती आणि अंगावरून फार जात होतं. दुपारपासून तिनं तीन पॅड बदलले होते. डेंग्यूत ही फार महत्त्वाची खूण. पण खोलीत तिचे बाबा, शेजारच्या बेडचे लोक. ती गप्प राहिली. आयसीयूत नेताना तिनं ते एका सिस्टरांच्या कानात सांगितलं. मला रात्री बाराला कळलं.

म्हणून रोज दहा मिनिटं तरी सगळे बाहेर व्हा, तुम्हीसुद्धा. सिस्टर किंवा डॉक्टरांना सांगा, “तिला एकटीला काही विचारायचं असेल तर विचारू दे.” मुलग्यांचंही तसंच. लघवीच्या नळीची लाज, सिगारेट ओढली होती, कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या, मनात नको ते विचार येतात, हे आईबापांसमोर ओठांवर येत नाही. पडदा ओढून घ्यायला सांगा. तपासणीच्या वेळी मुलीजवळ एखादी बाई असू दे.

तिच्यासमोर तिच्याबद्दल ‘ही’, ‘हिला’ करत बोलू नका. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलत असतील तर सांगा, “तिलाच सांगा, तिला कळतं.” अठरा वर्षांच्या आतल्या मुलासाठी सही पालकांची लागते, तरी सुई का टोचणार, किती वेळ दुखेल हे त्याला कळलंच पाहिजे. खोटं सांगू नका. “काही होत नाही” म्हटलं आणि दुखलं, की पुढे आपलं कुठलंच बोलणं त्याला खरं वाटत नाही.

सही करण्याआधी

संमतीपत्र कोरं असेल तर सही नको. काय करणार, का, धोका काय, नाही केलं तर काय, दुसरा मार्ग आहे का, हे विचारा. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती जीव वाचवण्याची निकड नसताना दुसऱ्या प्रक्रियेला वापरता येत नाही. जीव वाचवायची घाई असेल तेव्हा मात्र सहीवर अडून राहू नका.

डेंग्यूवाल्या घरांसाठी एक वेगळं सांगते. ‘प्लेटलेट कमी झाल्या, पिशवी आणा’ ऐकलं की सगळं घर रक्तपेढीकडे धावतं. आधी विचारा: रक्तस्राव होतोय म्हणून द्यायच्या आहेत, की नुसता आकडा कमी आहे म्हणून? सगळ्यांना प्लेटलेट लागत नाहीत. लेकीच्या ३८ हजारांवर आल्या होत्या, तिला एकही पिशवी लागली नाही. तिला लागलं ते मोजून दिलेलं सलाईन, आणि नंतर तेही वेळेवर कमी करणं, कारण झिरपलेलं पाणी परत रक्तात यायला लागलं की जास्तीचं सलाईन छातीत साचतं.

दुसरं मत, आणि हलवायचं की नाही

दुसरं मत घेणं हा हक्क आहे. “डॉक्टर, तुमच्यावर विश्वास आहे, घरच्यांच्या समाधानासाठी अजून एकांना दाखवायचंय, रिपोर्ट आणि सारांश द्या,” एवढं पुरे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. अर्ज लेखी द्या, एका प्रतीवर पोच घ्या.

हलवायचंच ठरलं तर आधी पुढच्या हॉस्पिटलात बेड पक्का करा, आणि इथल्या डॉक्टरांना तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावा. शहरातल्या शहरात शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, त्र्यंबक रोडचं सिव्हिल, आडगावचं मेडिकल कॉलेज, यांपैकी कुठे काय सोय आहे ते डॉक्टरांनाच विचारा. मुंबईला जायचं तर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. तरी वाटेतले काही तास हे काही तासच. बीपी सावरलेलं नसताना निघणं जिवावर बेतू शकतं. विचारा: आत्ता हलवण्याजोगी आहे का? रुग्णवाहिकेत ऑक्सिजन, मॉनिटर आणि सोबत डॉक्टर आहे का? ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशा कागदावर रागाच्या भरात सही करू नका.

पैसे

हे ॲडमिट झाल्याच दिवशी बघायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण योजनेतल्या हॉस्पिटलात आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. तिथे आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, आपल्या आजाराचं पॅकेज आहे का विचारा. नाहीतर १५५३८८ वर फोन करा. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलमधून काढायला कुणाला तरी लगेच पिटाळा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही याच दिवसांत भरा.

औषधं हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही. बिल बाबवार मागा. जानेवारी २०२१ च्या नियमांप्रमाणे खाजगी हॉस्पिटलला रुग्ण हक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावावे लागतात. दिसले नाहीत तर विचारा. तक्रार करायची वेळ आली तर शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात. ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक.

डिस्चार्जच्या दिवशी

घाई करू नका. सगळ्यांना घरी जायचं असतं आणि तेवढ्यात निम्मं ऐकायचं राहून जातं. गोळ्या कुठल्या, किती दिवस, पुन्हा रक्त कधी तपासायचं, काय दिसलं तर परत यायचं, फोन कुणाला करायचा, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, तोंडी नको. शाळेसाठीचं प्रमाणपत्र त्याच दिवशी मागा. रिपोर्टांचे फोटो काढून ठेवा, कारण काही तपासण्यांच्या गुळगुळीत थर्मल कागदावरची छपाई पुढे पुसट होत जाते.

मी आठवड्यानं मुख्य डॉक्टरांना भेटले, वही घेऊन. त्या संध्याकाळच्या वेळा दाखवल्या: पहिल्यांदा ७.४५, दुसऱ्यांदा ८.१५. त्यांनी पान शांतपणे वाचलं, फोटो काढून घेतला आणि रात्रीच्या डॉक्टरांशी बोलतो म्हणाले. हे भेटणं टाळू नका. त्याच बेडवर उद्या दुसऱ्या कुणाचं तरी पोर असणार आहे.

घरी आल्यावर वही मी लेकीच्या हातात दिली. पुढचे पंधरा दिवस तिनंच लिहिलं: किती पाणी प्यायली, किती पायऱ्या चढल्यावर दम लागला, कुठली गोळी राहिली. फॉलोअपला डॉक्टरांनी मला विचारलं, “कशी आहे आता?” आणि तिनं वही उघडून स्वतःच वाचायला सुरुवात केली.